हिलालनाना आणि नावेतलं मोटारीचं इंजिन

हिलालनाना मिस्त्री माणसांशी बोलताना जमिनीकडे बघायचे आणि इंजिनाचं ऐकताना डोळे मिटून घ्यायचे. हातभर लांबीचा एक पेचकस कायम त्यांच्या काखेत असे. चालू इंजिनाच्या अंगावर त्याचं टोक टेकवायचं, लाकडी मूठ कानाशी धरायची आणि समाधी लागल्यासारखं उभं राहायचं. भोवती शेतकरी बडबडत असत, "नाना, पानी ओढत नही, धूर सोडस," वगैरे. नाना हाताने त्यांना गप्प करत. मग डोळे उघडून म्हणत, "इंजन खोटं बोलत नही. तू तेल पाजं नही. पहिले तेल पाज, मंग शिव्या दे."

सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमारास माझी तापीकाठच्या त्या गावात नर्स म्हणून नेमणूक झाली. गाव धुळे जिल्ह्यातलं, दोंडाईच्यापासून बैलगाडीच्या वाटेवर. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक कपाट आणि एक न पेटणारा स्टोव्ह. पहिल्याच आठवड्यात तो स्टोव्ह दुरुस्त करायला नाना आले. टेबलावर पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी पडली होती. ती त्यांनी उचलून उलटीपालटी केली.

"बाई, हाई काय शे?"

मी सांगितलं. नाना त्या नळीकडे बघतच पहिल्यांदा हसले. "म्हंजे तुम्ही बी मिस्त्रीच शेतस. आपला धंदा एकच शे." त्या दिवसापासून मी त्यांची मिस्त्रीनबाई झाले. मी तेव्हा तोंडाची फार तिखट होते, नावं ठेवलेली मला खपत नसत. पण हे नाव मला आवडलं, आणि आवडलं हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी एकच, इंदू. ती तापीच्या पलीकडच्या गावात दिली होती, आमच्या अगदी समोर. उन्हाळ्यात नदीतून गुडघाभर पाण्यातून चालत तिच्या दारात जाता येई. पावसाळ्यात भिला भोयाची नाव असे, ती बांबूने रेटत न्यायची. पण तापीला पूर आला की बांबूला तळ लागायचा नाही, आणि मग चार चार, आठ आठ दिवस पलीकडचं गाव नुसतं बघायचं. काठावरचा कडुनिंब दिसायचा, माणसं मुंगीएवढी दिसायची. हाक मात्र पोचायची नाही.

मी आले त्या वर्षी इंदूला पहिले दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. पण सासरी श्रावणात कानबाई बसायची. आमच्या खानदेशात कानबाई म्हणजे घरची देवी. नारळाला डोळे, नथ, शालू लेववून तिला बसवतात, सगळे भाऊबंद एका घरी जमतात आणि रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करतात. तो रोट घराबाहेर जात नाही, आणि घरची सून त्या दिवशी घरात नसली तर देवीचा मान राहिला नाही असं धरतात. सासरे आत्माराम आबा म्हणाले, कानबाई झाली की लगेच पाठवतो. दिवसही भाद्रपदातले होते, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

बाळ श्रावणातच आलं. नदी तेव्हा दुथडी भरली होती. पलीकडून कुणीतरी धोतर हलवत होतं, एवढंच आम्हाला दिसलं. भिलाने नाव पाण्यात लोटली, बांबू आत घातला, तळ लागला नाही तसा कसाबसा मागे फिरला. मी माझी पेटी घेऊन सकाळपासून काठावर उभी होते, नाना माझ्याशेजारी. दुपारी पलीकडची चार माणसं बाहेर आली. एकाच्या हातात कापडाचं गाठोडं होतं. त्यांनी कडुनिंबाच्या अंगाला लहानसा खड्डा खणला.

नाना म्हणाले, "बाई, तुम्हना डोया चांगला शेतस. त्यास्नामा इंदू शे का?"

"बाळंतीण बाहेर कशी येईल, नाना? घरात असेल."

"म्हंजे जित्ती शे," ते म्हणाले आणि खाली बसले.

पाणी उतरल्यावर नाना पलीकडे गेले. मुलगी झाली होती आणि तासाभरात गेली होती. मी असते तर वाचली असती का, हे मी आजही सांगू शकत नाही. पण नानांच्या मनात शंका नव्हती. त्यांनी सगळ्या भावकीसमोर, आत्माराम आबांच्या दारात उभं राहून म्हटलं, "तुम्हनी कानबाईनी मनी नात खादी."

आत्माराम आबा भला माणूस. केळीकपाशीचा शेतकरी, आवाज कधी न चढवणारा. ते एवढंच बोलले, "मिस्त्री, माले बोला, जोडा मारा. देवीले काब्र बोलनात? तिनापुढे एकदाव डोकं ठेवा, मंग पोरले कव्हय बी लई जा." भावकीनेही तेच धरलं. नाना देवीपुढे डोकं ठेवतील तेव्हाच इंदू माहेरी जाईल.

नाना डोकं न ठेवता परत आले. येताना भिलाच्या नावेत ते पाण्याकडे टक लावून बघत होते. काठाला लागल्यावर त्यांनी भिलाला विचारलं, "भिला, या नावले इंजन बसाडं तं?"

दोंडाईच्याला एका मारवाडी शेठजींच्या कापसाच्या जिनिंगचं इंजिन नाना वर्षानुवर्षं सांभाळत आले होते. त्या जिनिंगच्या आवारात शेठजींची जुनी मोटार सडत पडली होती, तिच्या मागच्या सीटवर कुत्री व्यायली होती. नानांनी तिचं इंजिन मागितलं. शेठजी म्हणाले, "मिस्त्री, मोटार नदी में चलाओगे? माथा ठिकाने पे है?" पण दिलं त्यांनी. गिअरबॉक्ससकट ते धूड बैलगाडीतून गावात आलं तेव्हा शाळा सुटली.

त्यानंतरचं दीड वर्ष मी माणूस एका कामाने कसा झपाटतो ते पाहिलं. बाभळीच्या ओंडक्यांची बैठक करून त्यांनी इंजिन नावेत बसवलं. पुढे, मागे आणि मोकळं, एवढे तीन गिअर ठेवले. मोटारीची चाकं फिरवणारा दांडा कापून तो नावेच्या मागच्या अंगाने पाण्यात काढला. त्यासाठी नावेला भोक पाडावं लागलं. भिला कपाळाला हात लावून बसला. "नाना, नावले भोक पाडीसन नाव तरस का?" नानांनी त्या भोकात चरबी लावलेली सुतळी ठासून ठासून भरली, आणि भिलाला तीन दिवस नाव पाण्यात ठेवून दाखवली. थेंब आत आला नाही. तरी भिला पुढे महिनाभर रोज सकाळी हात घालून बघत असे.

पाण्यात फिरायचा पंखा धुळ्याच्या ओताऱ्याने पितळेचा ओतून दिला. पितळ नानांच्या घरचंच, इंदूच्या आईचा हंडा, कळशी आणि परात. ओताऱ्याकडे भांडी देताना त्यांनी परात एकदा पालथी करून तिच्यावरचं नाव वाचलं आणि ती हंड्याशेजारी ठेवून दिली. पाण्याची नळी कमी पडली तेव्हा ते माझ्याकडे आले. मी दवाखान्यातली एनिमाची रबरी नळी दिली आणि नोंदवहीत 'फाटली' असं लिहिलं. सरकारची नळी इतक्या चांगल्या कामाला लागण्याची पहिलीच वेळ, असं तेव्हा मी सगळ्यांना हसत सांगत होते.

एक गोष्ट मात्र मी विचारली होती. मोटारीच्या पुढे पाण्याची जाळी असते, इंजिन गार ठेवणारा रेडिएटर, तो नावेत कुठे दिसत नव्हता.

नानांना माझ्या अज्ञानाची गंमत वाटली. "बाई, बठ्ठी तापी शे पानी पाजाले. आठे टाकी कसाले? नदीनं पानी एकीकडथून घेवानं, इंजनमा फिरावनं, दुसरीकडथून सोडी देवानं." मला ते अगदी पटलं. न पटायला काय होतं?

चैत्रात गावाखालच्या डोहात चाचणी झाली. पेट्रोलवर इंजिन सुरू करायचं आणि तापलं की राकेलवर चालवायचं. नानांनी हँडल मारलं, इंजिनाने दोनदा खोकलून सूर धरला. बाजूच्या नळीतून पाण्याची स्वच्छ धार बाहेर पडू लागली. नावेने डोहाला तीन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या फेरीला मी पदर खोचून आत बसले होते. नाना पेचकस कानाला लावून डोळे मिटून होते. काठाला लागल्यावर ते म्हणाले, "आते कोनापुढे डोकं ठेवानं काम नही." आणि मी टाळ्या वाजवल्या. बाकी सगळं मी स्वतःला माफ केलं आहे, त्या टाळ्या नाहीत.

कारण इंदूला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते, आणि या खेपेला ते भर श्रावणात भरत होते. हे मला ठाऊक होतं, माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. वैशाखात देवीच्या लशी टोचायला मी पलीकडे गेले तेव्हा आत्माराम आबांनी मला ओट्यावर बसवून गूळपाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, मिस्त्रीले सांगा, एकदाव या. मी वाट देखी ऱ्हायनू. देवीले काय, नुसता हात जोडा तरी चाली." आत इंदू दाराआड उभी होती. तिचं पोट मी तपासलं, ठोके छान होते. वडिलांना ती आप्पा म्हणायची. ती हळूच म्हणाली, "आप्पाले सांगा, मी येवाले तयार शे."

मी दोन्ही निरोप सांगितले. नाना बोळ्याने हात पुसत होते. "इंजन तयार शे," एवढंच म्हणाले. मला भांडता येत होतं. एरवी मी तलाठ्याशी, गाडीवानाशी, वरिष्ठांशी भांडत असे. त्या दिवशी गप्प बसले. ते इंजिन मी माझंही समजत होते, आणि एका म्हाताऱ्याच्या हट्टाला मी हिंमत म्हणत होते.

खूण ठरली होती. इंदूला कळा सुरू झाल्या की कडुनिंबाला लाल लुगडं बांधायचं. श्रावणातल्या कानबाईच्या रविवारी, सकाळी आठ वाजता ते लुगडं दिसलं. नदीला तिसऱ्या दिवसाचा पूर होता. पाणी काळं, घट्ट, त्यात कपाशीच्या पऱ्हाट्या, झाडं, एक मेलेली म्हैस. नाना, भिला आणि मी, तिघं नावेत बसलो. इंजिन पहिल्या हँडलला लागलं. काठावरच्या बायांनी हात जोडले.

नदीच्या मध्यावर येईपर्यंत सगळं ठीक होतं. मग नळीतून पडणारी धार बारीक झाली. नानांनी वाकून पाणी ओढायच्या तोंडाची जाळी उपसली, ती पाल्याने आणि पऱ्हाटीच्या सालीने बुजली होती. साफ केली, धार पुन्हा आली, पण चिखलासारखी. मग थेंब, मग नुसती वाफ. चैत्रातल्या डोहाचं पाणी तळ दिसेल असं होतं. पुराच्या पाण्यात निम्मा गाळ असतो हे तापीकाठच्या शेंबड्या पोरालाही माहीत, आम्हाला तिघांनाही माहीत होतं. तो गाळ इंजिनाच्या पोटात जाईल आणि तिथे विटेसारखा भाजेल, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

भिला ओरडला, "नाना, बंद करा!"

"बंद कया तं नदी लई जाई," नाना म्हणाले. त्यांनी पेचकस कानाला लावला. मी त्यांचा चेहरा बघत होते. क्षणभराने त्यांनी तो खाली ठेवला, डबा उचलला आणि इंजिनावर पाणी ओतायला लागले. मीही ओंजळीने ओतत होते. काठ दहा हातांवर आला तेव्हा इंजिनाने एक किंकाळी फोडली आणि ते जागच्या जागी आवळलं. भिलाने बांबू टेकवला. आम्ही गावाच्या पाव कोस खाली लागलो होतो.

मी पेटी डोक्यावर घेऊन चिखलातून धावत गेले. घरात पन्नास माणसं, मखरात नटलेली कानबाई, आणि गाणी बंद पडलेली. मी पोचायच्या आधीच मुलगी झाली होती, रडत होती, ठणठणीत होती. इंदूचं रक्त थांबत नव्हतं. माझ्याजवळ होतं ते इंजेक्शन दिलं, पोट दाबून धरलं, करता येण्यासारखं सगळं केलं. तिला रक्त चढवायला हवं होतं आणि ते धुळ्याला मिळणार होतं. शिरपूरच्या वाटेवर बैलगाडी घातली, ती नाल्याच्या पाण्यातून परत आली. आता वाट एकच होती, आली तीच. मी नानांना निरोप पाठवला, इंजिन सुरू करा.

तिथलं मला नंतर भिलाने सांगितलं. नानांनी चिखलात बसून इंजिनाचं डोकं उघडलं आणि आतला भाजलेला गाळ तारेने, नखाने खरवडून काढायला घेतला. आत्माराम आबा घरून पळत आले. नट-बोल्ट चिखलात हरवू नयेत म्हणून ते धोतराचा सोगा पसरून पुढे बसले आणि नाना एकेक बोल्ट त्यांच्या सोग्यात टाकत गेले. अर्धं काम झाल्यावर नाना एकदम थांबले. नदीत हात धुऊन म्हणाले, "आबा, चाला. कानबाईपुढे डोकं ठेवस. पन मनी पोर वाचू द्या."

आबा रडत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मिस्त्री. आते हातमाथीन इंजन सोडू नका."

दर थोड्या वेळाने घरून एक माणूस काठावर धावत जाई आणि येऊन मला सांगे, आता होतंच आहे. मी ते इंदूला सांगे. ती मान हलवायची. एकदा तिने विचारलं, "आप्पानी डोकं ठेवं का?" मी हो म्हटलं. खोटंही नव्हतं ते फारसं, हे मला नंतर कळलं. चारच्या सुमारास तिने हात सोडला. मी तिच्या तोंडावर पदर ओढत होते तेव्हा नदीवरून इंजिनाचा आवाज आला. एकसारखा, गोल, सुरेख.

मी चालत काठावर गेले. धावायचं काही कारण उरलं नव्हतं. नाना कोपरापर्यंत काळे झाले होते. पेचकस कानाशी, डोळे मिटलेले. माझी चाहूल लागली तसे डोळे न उघडताच म्हणाले, "आयका, मिस्त्रीनबाई. आते काहीच तकरार नही."

 आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते चिखलात खाली बसले. नानांनी डोळे उघडले, आधी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात लांब करून त्यांनी इंजिन बंद केलं. तिथून उठून ते घरी गेले आणि कानबाईपुढे पालथे पडले. त्यांना उठवायला तिघे जण लागले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी शेठजींच्या मोटारीचा रेडिएटर आणला, डाग देऊन नावेत बसवला. विहिरीचं स्वच्छ पाणी भरायचं आणि तेच आतल्या आत फिरवायचं. मग ते इंजिन कधी अडलं नाही. कितीतरी पुरांतून मी त्या नावेतून बाळंतपणाला गेले. पण नानांनी पेचकस पुन्हा कानाला लावलेला मी पाहिला नाही. दर श्रावणात ते आत्माराम आबांकडे जात, कानबाईच्या पायाशी बसत. भावकीत रोट बाहेरच्याला देत नाहीत, पण आबा स्वतःच्या ताटातला तुकडा मोडून नातीच्या हातून नानांना देत. भावकीतलं कुणी त्यावर कधी बोललं नाही.

आणि दर ज्येष्ठात नाना माझ्या दवाखान्यात येत. "बाई, श्रावण-भादवामा कितल्या शेतस?" मी वहीतली नावं वाचायची, ते बोटांवर मोजायचे. मग दोन्ही काठांवरच्या गावांतून उन्हातान्हात पायी फिरायचे आणि प्रत्येक बापाला सांगायचे, "पोरले आतेच लई ये. मनी नाववर भरोसा ठेवू नको." लोक हसायचे. पंचक्रोशीत इंजिनाची नाव एकट्या त्यांची, आणि तेच तिच्यावर विसंबू नका म्हणून सांगत फिरत होते. कुठे व्याहीपणात वाकडं असलं, बोलणं बंद असलं, तर नाना स्वतः बरोबर जात आणि परक्याच्या व्याह्यापुढे टोपी काढून ठेवत.

पुढे माझी बदली जळगावकडे पहूरला झाली. तिथे भिलाने कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं. नाना ज्येष्ठातच गेले, नरडाण्याच्या रस्त्यावर एका झाडाखाली. कुणाच्या तरी पोरीसाठी निघाले होते.

त्यांच्या अशा एका फेरीला मी एकदा बरोबर होते. एक शेतकरी ऐकेचना. व्याह्याने लग्नात आपला अपमान केला, आता मेलो तरी त्याच्या पायरीला पाय लावणार नाही, असं तो तावातावाने सांगत होता. वर म्हणाला, "आनि नाना, तुम्हना इंजन शेच ना."

नानांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदाच मी त्यांना जमिनीकडे न बघता एखाद्या माणसाच्या डोळ्यांत बघताना पाहिलं.

"माले इंजन बसाडाले दीड वरीस लागनं, भाऊ," ते म्हणाले. "डोकं ठेवाले कितला येळ लागस?"

 दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत तो नदी ओलांडून गेला आणि पोरीला घेऊन आला. मी वहीत तिच्या नावापुढे 'माहेरी' असं लिहिलं.